सहाच्या आत बाहेर

दिल्ली गेटच्या गर्दीत स्कूटर अडकली होती. अश्विनी वाकचौरे पुढच्या टेम्पोच्या मागं लिहिलेली शायरी वाचत होती. तेवढ्यात कुणीतरी तिच्या पायापाशी ठेवलेल्या पिशवीत ओंजळभर बोरं ओतली, लगेच दुसरी ओंजळ, मग तिसरी. "अहो, अहो, काय हे!" म्हणेपर्यंत पिशवी निम्मी भरली. डोक्यावरचा पदर दातांत धरलेली एक बाई हसत समोर उभी होती. "वळकलं का बाईसाहेब? मी रजिया. पळसखडीच्या फक्रुद्दीन मुजावरची सून." अश्विनीच्या अंगावर आज वर्दी नव्हती, साधा पंजाबी ड्रेस होता, तरी बाईनं तिला बरोबर हेरलं होतं. "घ्या घ्या. आमच्या बांधावरची हायेत. अभयारन्यातली न्हाईत बरं का!" असं म्हणून ती स्वतःच खळखळून हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, "उद्या अब्बांला जबाबाला बोलावलंय न्हवं? लई भ्याल्यात. घासच उतरत न्हाई गळ्याखाली. मी म्हनलं, ज्या बाईनी तुमाला कागद दिला त्या वंगाळ करतील व्हय? तुमी हायेत म्हनून आमी निर्धास्त हाय बघा." मागचा रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. अश्विनी "हो हो, या उद्या" असं काहीतरी पुटपुटली आणि निघाली. सावेडीला घरी पोहोचेपर्यंत पिशवी पायाला घासत राहिली. वाटेत दोनदा तिच्या मनात आलं, की कडेला थांबावं आणि ती बोरं कुणा भिकाऱ्याला देऊन टाकावीत. पण कडेला थांबण्याइतकंसुद्धा बळ तिच्यात नव्हतं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांची तिला सवय होती. पळसखडीच्या माळावर रेंजर म्हणून आल्यापासून तिनं भरपूर खाल्ल्या होत्या. त्याआधी तिथं सगळा आवजाव घर तुम्हारा असा मामला होता. कुणीही यावं, मेंढरं घालावीत, जीप घेऊन काळविटांच्या मागं धावावं, दगडाआड बसून बाटल्या फोडाव्यात. आधीचे साहेब मान हलवून परवानगी द्यायचे आणि मान हलवूनच काढून घ्यायचे. अश्विनीनं आल्या आल्या ते बंद केलं. कागदाशिवाय आत कुणी नाही. गवत कापायला कागद, फोटो काढायला कागद, कॉलेजच्या सहलीला कागद. मेंढपाळ चिडले, सरपंच रुसले, पण वर्षभरात माळ असा उठून आला की बघत राहावं! गुडघ्याएवढं पवनं गवत, त्यात काळविटांचे कळप. तिचं ती स्वतःवर खूश होती. आणि त्या खुशीतच तिनं फक्रुद्दीनचाचांचा कागद केला होता. माळाच्या मधोमध पिराचा चिल्ला होता, म्हणजे एक दगडी चौथरा, त्याला एक कोनाडा, वर हिरवी चादर. दर गुरुवारी तिथं दिवा लागायचा, तो मुजावरांच्या घराकडं पिढ्यानपिढ्या होता. तिच्या हाताखालचा वनरक्षक कानिफनाथ, त्याची आई बनुबाईसुद्धा तिथं तेल घालायची. नवस बोलताना कोण कुठल्या धर्माचा हे त्या माळावर कुणी बघत नव्हतं. चाचांचं जाणंयेणं आजवर तोंडी होतं, ते अश्विनीनं कागदावर आणलं. वर्षाचा परवाना, शिक्क्यासकट. म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला होता. तेव्हा तिला काय छान वाटलं होतं!

घरी सुनीलनं पिशवीत डोकावून "वा, बोरं!" म्हटलं आणि धुवून, मीठ लावून तो टीव्हीपुढं बसलासुद्धा. "घे की." "नको." "गोड आहेत गं." "म्हटलं ना नको!" ती एवढ्या जोरात ओरडली की तो बघतच राहिला. नवरा शहाणा, त्यानं आवाज बारीक केला आणि विचारलं, "आगीचंच का अजून?" तिनं मान हलवली. त्याला आग माहीत होती. माळ जळाला, कानिफनाथचे हात भाजले, पाडसं होरपळली, हे सगळं त्याला माहीत होतं. एवढं एकच माहीत नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली, भाजी निवडायला घेतली, आणि मेथीच्या पानांवर तिला ती दुपार दिसायला लागली.

कागद घेऊन गेल्यावर काही दिवसांनी चाचा ऑफिसात परत आले होते. कानिफनाथ चहा सांगायला खाली गेला होता, त्यामुळे खोलीत ती आणि चाचा दोघंच. ती फोनवर होती. विभागीय कार्यालयातून फोन होता, पुण्याचे कुणी फोटोग्राफर येणार होते, वरच्या साहेबांच्या ओळखीतले. त्यांना लांडगा हवा होता आणि लांडगा पहाटे दिसतो, तर त्यांना उजाडायच्या आत प्रवेश देता येईल का, असं विचारणं चाललं होतं. विचारणं कसलं, सांगणंच ते. चाचा दाराशी चपला काढून उभे होते. तिनं हातानं "बोला" अशी खूण केली, फोन कानालाच. "बाईसाहेब, कागदात सहाच्या आत बाहेर असं लिवलंय." "हो मग? सूर्यास्तानंतर कुणालाच नाही." "तसं न्हवं. दिवा लावायचा मगरिबला, अंधार पडताना. आन् पिराचा दिवा फुंकत न्हाईत. तेल सरून आपसूक शांत झाला की मग मुजावर उठतो. तंवर बसावं लागतं, वाऱ्यावर सोडून कसं यायचं? तर दिवा शांत होईपर्यंत असं लिवता आलं तर..." फोनमधून साहेब हसून काहीतरी म्हणाले, तीही हसली, आणि फोनच्या तोंडावर हात ठेवून म्हणाली, "चाचा, एकाला सूट दिली की सगळे मागतात. सहा म्हणजे सहा." त्यांनी "जी" म्हटलं आणि चपला घालून गेले. आणि लगेच, त्याच टेबलावर, त्याच पेनानं, तिनं पुण्याच्या पाहुण्यांच्या परवान्यावर लिहिलं, विशेष बाब म्हणून पहाटे पाचपासून. तेव्हा तिला काहीच वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा तिला भूक लागली होती आणि कानिफनाथ चहाबरोबर वडे आणतो का, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मेथी निवडून झाली, तरी तिचे हात चालूच होते, देठसुद्धा बारीक बारीक तुटत होते. माणूस किती नीच होऊ शकतो याचा तिला आगीनंतर रोज नवा पत्ता लागत होता. ती म्हाताऱ्याच्या चुका शोधायची. काचेचा कंदील का नाही नेला? तेल कमी का नाही घातलं? मग तिचं तिलाच उत्तर मिळायचं, कारण तेल कमी घालणं त्यांच्या हातात नव्हतं. ज्यानं नवसाचं तेल दिलं, त्याचं सगळं तेल त्या दिवशी जळायला हवं, त्यातलं उरवून घरी आणणं म्हणजे चोरी. आग लागली त्या गुरुवारी कुणाच्या तरी पोरीचं लग्न जमलं होतं, म्हणून तेल भरपूर आलं होतं. कानिफनाथनं हे सहज सांगितलं होतं, भाजलेल्या हातांवर पट्ट्या बांधून घेताना. म्हणजे सहाच्या आत म्हातारा उन्हातच दिवा लावून, पाठ फिरवून, कागदाला जागून गेटबाहेर आला. दिवा मागं एकटाच जळत राहिला. अंधार पडला, वारा सुटला. कधीच्या काळापासून त्या दिव्यापाशी एक माणूस बसत आला होता, तो माणूस अश्विनीनं उठवला होता.

आग तिनं डोळ्यांनी पाहिली होती. कुरकुरत, तडतडत एक लाल रेघ माळावरून सरकत होती आणि कानिफनाथ निंबाची फांदी घेऊन तिला बडवत होता, "मॅडम, मागं व्हा, मागं व्हा!" असा ओरडत. नंतर धुरातून ती चौथऱ्यापाशी गेली. चादर नव्हतीच. कोनाड्याखाली, जळक्या गवतात, पणती पालथी पडलेली. वात अजून होती. तिनं बुटानं पणती सरळ केली आणि लगेच पाय मागं घेतला. त्याच क्षणी तिला सगळं कळलं. सगळं, म्हणजे अगदी "दिवा शांत होईपर्यंत" हे शब्दसुद्धा कानात वाजले. कानिफनाथ मागं येऊन उभा राहिला. "दिवाच हाय मॅडम," तो म्हणाला. ती म्हणाली, "बघू." नुसतं बघू! आणि तेव्हापासून ती बघतच होती. साहेबांचा फोन आला, "दरवर्षी अज्ञात इसम, अज्ञात इसम, कंटाळा आला वाकचौरे. या वेळी नाव पाहिजे." तिनं नाव दिलं नाही, पण दिव्याचं सांगितलं. मग नाव आपोआपच आलं. साहेब म्हणाले, "म्हाताऱ्याचा जबाब घ्या, अटीचा भंग दाखवा, परवाना रद्द करा आणि ते ठिकाण कायमचं बंद. नाहीतरी हल्लीच्या वातावरणात ती कटकटच होती." ती "सर" म्हणाली. अटीचा भंग! म्हाताऱ्यानं अट पाळली म्हणून तर माळ पेटला होता. त्यानं अट मोडली असती, बसला असता अंधारात आपल्या दिव्यापाशी, तर काहीच झालं नसतं.

सांगून टाकायचं. एका वाक्याचं काम. पण त्या वाक्याच्या पलीकडं तिला पुण्याच्या पाहुण्यांचा परवाना दिसायचा, त्यावरची विशेष बाब दिसायची, साहेबांचा चेहरा दिसायचा. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून येऊन, घरच्यांशी भांडून, परीक्षा देऊन मिळवलेली ही वर्दी दिसायची. चौकशी लागेल. बदली होईल. पेपरात येईल. आणि तिला ठाऊक होतं की यातलं काही होणार नसतं तरी ती गप्पच बसली असती, कारण "मी चुकले" म्हणायची तिला लहानपणापासून चोरी. आई म्हणायची, "ही पोरगी मरंल पण चुकलं म्हणायची न्हाई." म्हणताना आईला त्याचं कौतुकच असायचं. सुनीलनं बाहेरून हाक मारली, "जेवायचं ना?" ती म्हणाली, "हो," आणि जेवलीसुद्धा. चांगली दोन भाकरी जेवली. त्याचाही तिला नंतर राग आला.

सकाळी चाचा तिच्या आधीच ऑफिसात येऊन बाकावर बसले होते. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, गालफडं बसलेली. शेजारी रजिया. तिनं अश्विनीकडं बघून ओळखीचं हसू दिलं. अश्विनीनं त्यांना आत घेतलं, खुर्च्यांवर बसवलं, चाचा काही केल्या खुर्चीत टेकेनात, मग एका काठावर बसले. कानिफनाथ शाईचं पॅड घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला. हातांवरच्या पट्ट्या सुटल्या होत्या, नवी कातडी गुलाबी दिसत होती. जबाब लिहायला कारकून होता, पण अश्विनी म्हणाली, "मी घेते." का म्हणाली, तर तिला वाटत होतं की आता आपण विचारू, चाचा सांगतील, आणि जे आपल्याच्यानं होत नाही ते त्यांच्या तोंडून कागदावर उतरेल. एवढा हिशोब तिनं रात्री केला होता. म्हाताऱ्याच्या खांद्यावर चढून आपण पार व्हायचं, असा.

"दिवा कधी लावला?"

"सहाच्या आत. ऊन हुतं."

"मग?"

"मंग निघालो. गेटावर कानिफनाथ हुता, त्यानं बघितलं."

"दिवा तसाच ठेवून?"

"व्हय."

तिनं पेन थांबवलं. आता. आत्ताच. "का ठेवून आलात, चाचा? थांबायची पद्धत आहे ना तुमची?"

म्हाताऱ्यानं मान वर केली. मोतीबिंदूनं निळसर झालेले डोळे तिच्या तोंडावर आले, तिथं क्षणभर काहीतरी शोधत राहिले, आणि परत टेबलावर उतरले. "चुकी झाली," ते म्हणाले. "माजीच चुकी. दुसऱ्या कुनाची न्हाई. लिवा."

तिनं लिहिलं! हात कसा चालला देव जाणे, पण अक्षर चांगलं आलं. "सदर चूक माझी असून," असं सरकारी वळणानं, ठसठशीत. वाचून दाखवलं. चाचा प्रत्येक वाक्याला "जी" म्हणत होते. अंगठ्याची जागा आली, कानिफनाथनं पॅड पुढं धरलं. तो अश्विनीकडं बघत नव्हता. तो तिच्या मागच्या भिंतीवरच्या नकाशाकडं बघत होता. चाचांनी अंगठा शाईत दाबला, आणि तो तसाच उचलून धरून, जरा हसून म्हणाले, "आता झालं ना बाईसाहेब? मंग या गुरुवारी जाऊ का दिवा लावाया? मागचा गुरुवार नागा पडला. माज्या बापाच्या हयातीत कदी नागा न्हवता."

म्हणजे त्यांना ठाऊकच नव्हतं. अंगठा टेकला की चिल्ला बंद, कायमचा बंद, आणि हा म्हातारा समजत होता की गुन्हा कबूल केला की सरकार माफ करतं आणि पुढच्या गुरुवारपासून सगळं पहिल्यासारखं. शाईचा अंगठा कागदाच्या वर होता. ती खुर्चीतून अर्धी उठली आणि तिनं कागद आपल्याकडं ओढला.

"थांबा. चाचा, तुम्ही मला विचारलं होतं. दिवा शांत होईपर्यंत थांबू द्या म्हणून. इथंच, या दारात. ते का नाही सांगितलंत आत्ता?"

चाचा गोंधळले. अंगठ्याला शाई, ती कुठं पुसावी कळेना, तसाच हात हवेत. "तुमी कुटं सांगितलं?" ते हळूच म्हणाले. "एवढे दिस झाले, तुमी काय बोलला न्हाई. मला वाटलं, बाईंला ते निगू द्यायचं नसंल. मंग मी कशाला काडू? तुमी आमाला कागद दिलता."

अश्विनीनं कागद आडवा धरला, सदर चूक माझी असून या ओळीसकट वरपासून खालपर्यंत दोन रेघा मारल्या. मग कानिफनाथला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "यांनी वेळ वाढवून मागितली होती. मी दिली नाही. फोनवर होते, नीट ऐकूनसुद्धा घेतलं नाही. आणि दुसऱ्यांना दिली, त्याच दिवशी. चूक माझी आहे. मी तसं लिहून पाठवते." तिनं कोरा कागद पुढ्यात ओढला आणि वर स्वतःचं नाव घातलं. नाव लिहून झाल्यावर पुढचं वाक्य सुचेपर्यंत तिला थोडं हलकं वाटलं. खोटं कशाला, सुटल्यासारखंच वाटलं. आता रजिया काहीतरी बरं बोलेल, असंही वाटून गेलं.

रजिया उठून उभी राहिली होती. हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

"मंग इतके दिस गप का बसला वो?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हा मानूस रात रात उठून बसायचा. मी माळ जाळला, मी मुकी जनावरं जाळली, म्हनून तोंडात मारून घ्यायचा सवताच्या. घास घेत न्हवता. मी काल तुमाला इचारलं रस्त्यात. हो हो या म्हनला. काल का न्हाई सांगितलं? काल मी अब्बांला जेवू घातलं असतं."

कानिफनाथनं पॅड मिटलं.

"रजिया!" चाचा ओरडले. त्यांचा राग खरा होता. "सायबाशी असं बोलत्यात व्हय? बस खाली. न्हाई, बसू नको. बाईंला पानी दे आधी. तोंड बघ किती सुकलंय त्यांचं."

रजिया जागची हलली नाही. मग सासऱ्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून कोपऱ्यातल्या माठाकडं गेली, पेला भरला, आणि तो अश्विनीच्या हातात न देता टेबलावर ठेवला. चाचा पुढं झुकून, काळजीनं, "प्या, प्या" म्हणत होते. अश्विनीनं पेला उचलला आणि त्या तिघांच्या देखत सगळं पाणी पिऊन संपवलं. तिला खरंच खूप तहान लागली होती.